जुन्या मालगाडीची जाळी : बदलावी, कीं काढून टाकावी ?

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या दारांत आतां बैलजोडीच्या जागीं बहुधा एक जुनी मालगाडी उभी दिसते. ती दुसऱ्या हातची असते, पुष्कळदां तिसऱ्या हातची. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोणी, कुंभाराचीं मडकीं, सुताराच्या चौकटी, सारें तिच्यावरच तालुक्याच्या बाजारास जातें. घरांतल्या चार माणसांचें पोट तिच्या चार चाकांवर चालतें म्हटलें तरी चालेल. अशी गाडी एक दिवस चढाला दम टाकूं लागते, डिझेल जास्त पिऊं लागते, आणि ग्यारेजवाला खालीं वांकून पाहून निकाल देतो, "सायलेन्सरची जाळी गेली. नवी घालायची तर खर्च मोठा आहे. नाहींतर आंतली माती काढून पाईप मोकळा करून देतों. कोणाला कळायचें नाहीं."

पूर्वीं खेड्यांत लोक मास्तराकडे पत्र वाचून घेण्यास येत, आतां ग्यारेजचें अंदाजपत्रक वाचून घेण्यास येतात, एवढाच काळाचा फरक. त्यामुळें हा सवाल आमच्यापुढें वारंवार येतो. तो वरवर पाहतां एका घरच्या खर्चाचा आहे. पण त्यांत आमचा पैसा, आमच्या मुलाबाळांचे श्वास, सरकारचा कायदा आणि आमचें अज्ञान हीं चारही एकांत एक गुंतलीं आहेत. म्हणून आज त्याचा नीट विचार करूं.

या जाळीचें खरें नांव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुराच्या नळींत बसविलेला हा एक पत्र्याचा डबा. त्याच्या पोटांत मधमाशीच्या पोळ्यासारखी हजारों बारीक भोंकांची वीट असते. कोठें ती भाजलेल्या मातीची असते, कोठें पातळ पत्र्याची. म्हणूनच कोणी तिला जाळी म्हणतो, कोणी माती म्हणतो. त्या भोंकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा अगदीं पातळ थर दिलेला असतो. इंजिनांत तेल पुरतें जळत नाहीं. अर्धवट जळलेल्या तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साईड नांवाचा विषारी वायु धुराबरोबर बाहेर पडतो. तो या भोंकांतून जातांना धातूच्या सान्निध्यानें तेथेंच जळून जातो व त्याचें पाणी आणि कार्बन डायऑक्साईड होतो. यांत धातु खर्च होत नाहीं. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ जसा दोन घरें एकत्र आणून स्वतः होता तसाच राहतो, तसें या धातूंचें आहे. मात्र हा मध्यस्थ थंडपणीं काम करीत नाहीं. सुमारें अडीचशें ते तीनशें अंश उष्णता चढल्यावर तो कामास लागतो. म्हणून गाडी चालू करून लगेच बंद करणें, पुन्हां चालू करणें, यांत जाळीचा उपयोग फारसा होत नाहीं.

येथें एक भेद प्रत्येक गाडीवाल्यानें पक्का ध्यानांत ठेवावा. पेट्रोलच्या गाडीची जाळी तीन विषांवर काम करते : कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलें तेल आणि नायट्रोजनचे वायु. जुन्या डिझेल गाडीची जाळी मुख्यतः पहिल्या दोहोंवरच काम करते. डोळ्यांना दिसणारी काळी काजळी अडविणें हें तिचें काम नव्हे. त्यासाठीं वेगळी गाळणी लागते, आणि ती २०२० नंतरच्या नव्या डिझेल गाड्यांत सर्रास आली. तेव्हां "काळा धूर येतो, जाळी बदला, धूर जाईल" असें कोणी सांगूं लागला, तर त्यास एवढाच प्रश्न करावा : हवेची गाळणी पाहिली कां ? इंजेक्टर तपासले कां ? पंप तपासला कां ? काळा धूर बहुधा तेथून येतो.

आतां जरा इतिहास पाहूं, कारण त्यांत आमच्या समाजाला ठाऊक असलेलीच एक जुनी गोष्ट नव्या वेषांत दिसते. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहर मोटारींच्या धुरानें घुसमटलें, तेव्हां तेथें हवेचे कायदे कडक झाले. १९७० च्या कायद्यानंतर १९७५ सालच्या नव्या मोटारींत ही जाळी सर्रास बसूं लागली. आपल्याकडे ती आली १९९५ सालीं, आणि तीही फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल मोटारींपुरती. पेट्रोलमधील शिसें जाळीला मारून टाकतें, म्हणून त्या शहरांना बिनशिशाचें पेट्रोल पुरविलें गेलें. बाकी देशास शिशाच्या पेट्रोलपासून सुटका मिळाली १ फेब्रुवारी २००० रोजीं. पुढें धुराचे नियम वाढत गेले. भारत स्टेज तीन हा नियम मोठ्या शहरांत २००५ सालीं लागला, उरलेल्या देशांत २०१० सालीं. भारत स्टेज चार २०१० सालीं तेरा शहरांत लागला; त्यांत आपल्या इलाख्यांतील मुंबई, पुणें व सोलापूर होतीं. सोलापूर शहराच्या वेशीबाहेरच्या खेड्यास तो लागण्यास १ एप्रिल २०१७ उजाडला. सहावा टप्पा मात्र १ एप्रिल २०२० रोजीं साऱ्या देशांत एकदम आला, आणि त्याबद्दल सरकारला श्रेय दिलें पाहिजे.

याचा अर्थ काय झाला ? पंचवीस वर्षें हवेंतही पंक्तिभेद चालला. शहराच्या पंक्तीला आधीं वाढलें, खेडें दाराबाहेर ताटकळत बसलें. त्यांतही शहरांत जी गाडी जुनी झाली, नियमांत बसेनाशी झाली, ती दलालामार्फत खेड्यांत विकली गेली. शहराचा नवा पैसा शहरांत राहिला, शहराचा जुना धूर खेड्याच्या वांट्यास आला. ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या उष्टें ताट नाकारण्यासाठीं झगडा केला, त्यानें हा उष्टा धूर मुकाट्यानें कां गिळावा ? जाळी बदलण्याचा प्रश्न आम्ही नुसता यंत्राचा मानीत नाहीं, तो या कारणासाठीं.

पण मान राखण्यासाठीं घर बुडवा, असें सांगणारे आम्ही नव्हे. म्हणून आतां हिशेबाकडे वळूं.

पहिला प्रश्न : जाळी खरोखरच गेली आहे कां ? गाडी ओढत नाहीं याचीं कारणें दहा असतात. हवेची गाळणी तुंबलेली, डिझेलची गाळणी घाण झालेली, टर्बो थकलेला, क्लच घसरणारा, ब्रेक चिकटलेला. जाळी तुंबली असेल तर धूर बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं, इंजिन कोंडतें, तापतें, आणि वरच्या वेगांत गाडी मुळींच उचलत नाहीं. जाळीची वीट फुटली असेल तर खालून खुळखुळ्यासारखा आवाज येतो. या खुणा दिसल्या तरी तेवढ्यावर भागूं नये. नळींतील धुराचा दाब मोजण्याचें साधें घड्याळ मिळतें. जाणत्या मिस्त्रीकडे तें असतें. त्यानें जाळीच्या अलीकडे दाब मोजून दाखवावा. पेट्रोल गाडीचा दिवा लागला म्हणजे जाळीच गेली असेंही नाहीं. ऑक्सिजनचा सेन्सर बिघडला किंवा नळीला भोंक पडलें तरी तोच दिवा लागतो. मोजल्यावांचून निदान करणारा वैद्य आणि मोजल्यावांचून भाग बदलणारा मिस्त्री सारखेच समजावे. आणखी एक गोष्ट : फार जुन्या डिझेल गाड्यांत ही जाळी मुळांतच नव्हती. जी वस्तु कारखान्यानें दिलीच नाहीं ती "गेली" म्हणून कोणी पैसे मागूं लागला, तर त्यास वाट दाखवावी.

दुसरा प्रश्न : जाळी कशानें मेली ? हा प्रश्न शंभरांत नव्वद लोक विचारीत नाहींत आणि येथेंच फसतात. धातूचा थर झिजून जाळी मरते असें क्वचित् होतें. बहुधा इंजिनच तिचा जीव घेतें. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे सील गेले, कीं इंजिन ऑईल जळूं लागतें. त्यांतील फॉस्फरस व राख जाळीच्या भिंतींवर लिंपण घातल्याप्रमाणें बसते. निळसर धूर व महिन्यागणिक कमी होणारें ऑईल ही याची खूण. हेडचें गॅसकेट गेलें तर पाणी आंत शिरतें. पांढरा धूर व रेडिएटरचें घटणारें पाणी ही त्याची खूण. पेट्रोल गाडींत एखाद्या सिलिंडरचा प्लग पेटत नसला, तर न जळलेलें पेट्रोल जाळींत जाऊन पेटतें व वीट वितळते. आणि लाल झालेली नळी तशीच ओढ्याच्या पाण्यांत घातली किंवा दगडावर आपटली, तरी मातीची वीट तडकते. तेव्हां ऑईल पिणाऱ्या इंजिनावर नवी जाळी चढविणें म्हणजे फुटक्या बांधाच्या शेतांत नवें खत टाकणें होय. पहिल्या पावसांत तें वाहून जाणार. आधीं बांध घालावा, मग खत टाकावें.

तिसरा प्रश्न : माती काढून पाईप मोकळा कां करूं नये ? हा मार्ग स्वस्त दिसतो, आणि पुष्कळांनीं तो धरला आहे. त्यांची अडचण आम्हांस कळते. पण त्यांनीं तीन गोष्टींचा विचार करावा. एक, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्यानें दिलेल्या रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकास प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. पाईप मिस्त्री मोकळा करतो, पण दंड मालकाच्या नांवावर बसतो, हें विसरूं नये. दोन, लाभ. जाळी तुंबलेली असेल तर ती काढल्यानें गाडी ओढते, हें खरें. पण तें तुंबण गेल्यामुळें. चांगली जाळी काढल्यानें जुनी मालगाडी घोड्यासारखी धांवते, ही ग्यारेजमधली कहाणी आहे. तीन, आरोग्य. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील तांबड्या द्रव्यास असा चिकटतो कीं प्राणवायूला तेथें जागा उरत नाहीं. डिझेलचा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करतो, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें जाहीर केलें आहे.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, कारखाने आभाळभर धूर सोडतात, शहरांत लाखों गाड्या फिरतात. आमच्या एका गाडीनें काय होणार ?" प्रश्न रास्त आहे. पण धूर आभाळाच्या हिशेबानें आमच्या अंगावर येत नाहीं. तो अंगणाच्या हिशेबानें येतो. पहांटे चारला गाडी दारांत चालू करून ठेवतात, तेव्हां ओसरीवर निजलेलें पोर तो धूर घेतें. गाडींत माल भरणारी घरधनीण नळीच्या मागेंच उभी असते. शाळा सुटतांना गाडी मागें घेतात, तेव्हां नळीची उंची आणि पहिलीच्या मुलाच्या तोंडाची उंची यांत फारसें अंतर नसतें. कारखान्याच्या धुराविरुद्ध आम्ही अवश्य ओरडावें. पण ओरडतांना आपल्या दारची नळी आपल्याच लेकरावर रोखलेली नसावी.

चौथा प्रश्न कागदाचा. पुष्कळजण म्हणतात, "पीयूसीचा दाखला मिळतो ना, मग झालें !" बंधूंनो, तो दाखला काय मोजून मिळतो हें तरी जाणून घ्या. डिझेल गाडीच्या तपासणींत धुराचा दाटपणा मोजतात. धुरांतून उजेड किती पार जातो, एवढेंच तें यंत्र पाहतें. जाळी जो अदृश्य वायु मारते, तो त्या तपासणींत मोजलाच जात नाहीं. म्हणून माती काढलेली डिझेल गाडीही दाखला मिळवूं शकते, आणि चांगल्या जाळीची गाडी इंजेक्टर बिघडल्यानें नापास होऊं शकते. पेट्रोल गाडीचा मात्र वायु मोजतात, तेथें मेलेली जाळी लवकर उघडी पडते.

त्यांतून कांहीं ठिकाणीं गाडी न नेतां नुसता नंबर व पैसे देऊन दाखला मिळतो. या प्रकाराला आम्ही काय म्हणावें ? आमच्या आजोबांना सांगितलें जाई कीं, दक्षिणा ठेवा, संकल्प सोडा, पाप गेलें. पाप जेथल्या तेथें राही व दक्षिणा मात्र जाई. आज मंत्राच्या जागीं छापील कागद आला, आणि भटजीच्या जागीं दलाल आला. आणि हा दलाल कोणत्याही एका जातीचा राहिलेला नाहीं. तो आमच्याच भावकींतला असूं शकतो, आमच्याच पंक्तीला जेवून उठलेला असूं शकतो. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो विद्येवांचून शेतकरी कसा नागवला जातो हें दाखविण्यासाठीं. नागविणाऱ्याची जात बदलली म्हणून नागवणें थांबलें असें कोणी समजूं नये. मनुष्य आणि सत्य यांच्यामध्यें जो पैसे घेऊन उभा राहतो, तो दलालच. दाखल्याविना गाडी चालविल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, म्हणून दाखला अवश्य घ्यावा. पण गाडी नेऊन, नळींत नळा घालून, समोर उभें राहून घ्यावा.

पांचवा प्रश्न खरेदीचा. जाळी बदलायचें ठरलें तर बाजारांत तीन प्रकार आढळतात. कारखान्याचा अस्सल भाग महाग असतो. दुसऱ्या कंपनीचा भाग स्वस्त असतो. त्यांत चांगलाही असतो, पण फारच स्वस्त असेल तर धातूचा थर नांवालाच असतो आणि वर्षभरांत तो मरतो. तो घेतांना आपल्याच गाडीच्या मॉडेलसाठीं आहे कां, हमी किती महिन्यांची, पक्कें बिल मिळेल कां, हें विचारावें. तिसरा प्रकार भंगारांतला. त्यापासून चार हात दूर राहावें. गेल्या कांहीं वर्षांत गुजरात व महाराष्ट्रांत इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेण्याचे अनेक गुन्हे पोलिसांत नोंदले गेले आहेत, ते या मातींतील धातूंसाठींच. बिलाविना घेतलेला डबा आमच्यासारख्याच एखाद्या गरिबाच्या गाडीखालून आलेला असूं शकतो.

आणि येथें सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. तुमची मेलेली जाळीही मोलाची असते. आंतील धातु नाहींसे होत नाहींत. ते शुद्ध करून पुन्हां वापरतात. माती काढून देणारा मिस्त्री "मजुरी फक्त एवढीच" म्हणून कां इतका उदार होतो, याचें उत्तर त्या मातींत आहे. ती मागें ठेवून तुम्ही घरीं येतां आणि तो ती विकतो. कोठें तर मजुरीहून मातीचेंच मोल अधिक येतें. म्हणून जुनी जाळी आपली आहे असें आधींच सांगावें. ती घरीं आणावी, अगर तिची किंमत ठरवून नव्या खर्चांतून वजा करून घ्यावी, आणि विकल्यास बिलावर विकावी.

हे धातु कोठून येतात तेंही आमच्या लोकांना ठाऊक असावें. जगांतील प्लॅटिनम व ऱ्होडियम यांचा मोठा भाग दक्षिण आफ्रिकेंतील खाणींतून निघतो. तेथील मारिकाना गांवीं १६ ऑगस्ट २०१२ रोजीं वेतनवाढीसाठीं संपावर असलेल्या प्लॅटिनम खाणीच्या मजुरांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत ३४ मजूर मारले गेले. आमच्या गाडीखालच्या चिमूटभर धातूंत अशा घामाची व रक्ताची किंमत मिसळलेली असते. ती माती उकिरड्यावर टाकणें किंवा चोराच्या हातीं देणें, हें कष्टकऱ्यानें कष्टकऱ्याशीं करूं नये.

सहावा व शेवटचा प्रश्न : बदलावी कीं गाडीच मोडींत काढावी ? याला आम्ही एक साधी रीत सुचवितों. एकूण खर्चास, गाडी आणखी जितके महिने खात्रीनें चालेल तितक्या महिन्यांनीं भागावें. समजा, इंजिनाची डागडुजी, जाळी व मजुरी मिळून चाळीस हजार लागतात. इंजिन मुळांत बरें आहे, सांगाडा गंजलेला नाहीं, आणखी चार वर्षें गाडी चालेल. तर चाळीस हजार भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे महिन्यास सुमारें आठशें तेहतीस रुपये झाले. नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता याच्या कित्येक पटींनीं असतो. येथें जाळी बदलणेंच शहाणपणाचें. उलट इंजिन ऑईल पितें, सांगाड्याला भोकें पडलीं आहेत, आणि गाडी जेमतेम वर्षभर निघेल. तर तोच खर्च महिन्यास तीन हजार तीनशेंवर जातो, आणि वर्षअखेर हातांत कांहींच उरत नाहीं. येथें एक रुपयाही घालूं नये.

हिशेब करतांना हेंही ध्यानांत घ्यावें कीं, मालवाहू गाडी आठ वर्षांची झाल्यावर तिचें फिटनेस दरवर्षीं करावें लागतें. तो खर्च व त्यांत मोडणारे दिवस खर्चाच्या बाजूस मांडावे. गाडी मोडींत काढावयाची तर नोंदणी झालेल्या केंद्रांतच द्यावी. तेथें ठेव प्रमाणपत्र मिळतें. त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करांत १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्र सरकारनें २०२१ सालीं केली आहे. नाक्यावरच्या भंगारवाल्यास गाडी दिली, तर हें प्रमाणपत्र जातें, आणि गाडीचा नंबर नोंदींतून निघाला नाहीं तर तिचें बालंट मागाहून आपल्या गळ्यांत येऊं शकतें.

दोन सूचना घरच्या बायामाणसांसाठींही. जाळीचा डबा चालत्या गाडींत शेंकडों अंश तापतो. वाळलेल्या पाचटावर, कडब्यावर किंवा गवतावर गाडी उभी करून ठेवूं नये, आग लागते. आणि नळी गंजून तिला केबिनखालीं भोंक पडलें असेल, तर तो विषारी वायु आंत शिरतो. काचा लावून निजण्याची खोड असलेल्या चालकानें तें भोंक त्याच दिवशीं बुजवावें. जाळीचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालेल, हा लांबतां कामा नये.

आतां सरकारशीं दोन शब्द. २०१५ सालीं फेम नांवाची योजना काढून विजेच्या नव्या गाड्या घेणारांस सरकारी तिजोरींतून मदत देण्यास सुरुवात झाली. चांगलें झालें. पण नवी गाडी कोण घेतो ? ज्याच्यापाशीं पैसा किंवा पत आहे तो. ज्याच्यापाशीं पंधरा वर्षांची जुनी गाडीच काय ती इस्टेट, त्याच्या धुराच्या नळीसाठीं मदत कां नसावी ? एका गाडीमालकाच्या लहान मालगाडीस तपासलेली जाळी बसविण्यास अर्धी मदत द्यावी. पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी करावी व खोटा दाखला विकणाराचा परवाना रद्द करावा. तालुक्याच्या आयटीआयमध्यें दाब मोजण्याचीं व धूर तपासण्याचीं यंत्रें ठेवून लोकांस माफक दरांत खरें निदान करून द्यावें. दंडाची पावती खेड्यांत पोंचते, तशी ही मदतही पोंचली पाहिजे. जो कायदा फक्त हात उगारून येतो आणि हात देत नाहीं, त्याविषयीं लोकांच्या मनांत आदर उपजत नाहीं.

सरकार करील तेव्हां करील. तोंवर आमच्या हातांत जें आहे तें आम्ही करावें. गांवांत दहाबारा गाडीवाले असतात. त्यांनीं एकत्र बसावें, एक दाब मोजण्याचें घड्याळ सामाईक घ्यावें, जाळ्या एकत्र मागवून भाव पाडून घ्यावा, आणि जुन्या जाळ्या एकत्र बिलावर विकाव्या. घरांतला जो मुलगा किंवा मुलगी शाळेंत विज्ञान शिकते, तिच्याकडून गाडीचें पुस्तक वाचून घ्यावें. तिला विचारावें कीं, प्लॅटिनम न खर्च होतां काम कसें करतें. पुस्तकांतला धडा आणि अंगणांतली गाडी एकच आहे हें तिला ज्या दिवशीं समजेल, त्या दिवशीं त्या घरची फसवणूक अर्धी थांबेल.

सारांश, निदान मोजून करा. इंजिन आधीं बरें करा. गाडी टिकणार असेल तर चांगली जाळी बिलावर घाला, टिकणार नसेल तर गाडी रीतसर मोडींत द्या. पोकळ नळी व पोकळ दाखला यांच्या वाटेस जाऊं नका. आणि जुन्या जाळीची माती कोणाच्याही हातीं फुकट देऊं नका. शेतकऱ्याच्या घरांतून माती फुकट जाण्याचे दिवस संपले पाहिजेत.